साहेबांची चार वाक्यं

साहेब हे त्यांचं टोपणनाव. प्रत्यक्षात ते महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागातले शिपाई होते. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, किल्ल्या सांभाळायच्या, डगमगत्या खुर्च्यांचे पाय ठोकून द्यायचे, एवढंच त्यांचं साम्राज्य. पण देवाने वाटप करताना चेहरा चुकून दुसऱ्याच कोणाचा दिला होता. सहा फूट उंची, तिशीतच कानशिलांवर पिकलेले केस, भरघोस मिशा, आणि आवाज असा की 'खिडकी लावा' एवढंच म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं. बँकेत गेले तर लोक रांगेत जागा करून द्यायचे. एकदा नव्याने रुजू झालेले एक प्राध्यापक त्यांना बघून उठून उभे राहिले. साहेब तर शिपाईच, ते कसे बसणार? दोघे बराच वेळ एकमेकांसमोर उभे होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

घरी मात्र या चेहऱ्याची डाळ शिजत नसे. लग्नानंतर आठवडाभर बायको दचकून असेल नसेल, मग तिला कळून चुकलं की या माणसाला 'नाही' म्हणताच येत नाही. शेजाऱ्याने शिडी मागितली, घ्या. विभागातून रविवारी बोलावणं आलं, आलोच. कोणी काही सांगितलं की साहेबांची मान आधी हलायची आणि डोकं मागाहून विचार करायचं. "आवाज वाघाचा आणि मान नंदीबैलाची," असं ती म्हणायची. चहा मागितला तर सांगायची, "पातेलं तिथेच आहे."

अशा माणसावर मॅडमची नजर पडली. मॅडम विभागप्रमुख होत्या. हुशार, कष्टाळू, स्वतःचा डबा खायलाही विसरणाऱ्या. माणसं वरच्याच्या सांगण्यावरून कुठपर्यंत जातात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. एरवी मुंगीलाही न दुखवणारा माणूस, समोर कोणी अधिकाराने बोलू लागला की दुसऱ्याला इजा करायला तयार होतो का? इतरत्र असे प्रयोग पूर्वी झाले होते आणि त्यांवरून रणही माजलं होतं, लोकांना असं फसवावं का म्हणून. मॅडमना आपल्या गावातली माणसं तपासायची होती. त्यासाठी त्यांना हवा होता अधिकार गाजवणारा चेहरा. तो त्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला होता.

साहेबांना राखाडी कोट शिवून मिळाला. खोकाही त्यांनीच बनवला: जुन्या रेडिओची लाकडी पेटी, तिला एक मोठं बटण, भोवती एक ते वीस आकडे. पाचाखाली 'हलका', दहाखाली 'मोठा', पंधराखाली 'त्रासदायक' आणि वीसखाली नुसतीच लाल पट्टी. आत काहीही नव्हतं. आलेल्या माणसाला सांगायचं की ही स्मरणशक्तीची चाचणी आहे. भिंतीपलीकडे एक गृहस्थ कानाला यंत्र लावून बसलेत, तुम्ही शब्दांच्या जोड्या वाचा, ते चुकले की बटण एका आकड्याने पुढे फिरवा, म्हणजे त्यांच्या कानात मोठा आवाज जाईल.

भिंतीपलीकडचे गृहस्थ म्हणजे ग्रंथालयातला बाइंडर, साहेबांचा जुना दोस्त. भिंत कसली, फळ्यांचा आडोसाच होता तो, पण त्याला दार होतं, दाराला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात. बाइंडर पलीकडे शेंगदाणे खात बसायचा. बाराव्या आकड्याला ओरडायचा, "कान दुखतोय हो, बस करा!" सोळाव्याला फळीवर गुद्दे मारायचा. अठरानंतर मॅडमच्या सूचनेप्रमाणे एकदम गप्प. ही शांतता त्याला सगळ्यात जड जायची, कारण तेव्हा शेंगदाणे चावता येत नसत.

आणि समोरचा माणूस थांबायला लागला की साहेबांनी चार वाक्यं म्हणायची. ती ओळीनेच म्हणायची, आणि पाचवं म्हणायचं नाही. पहिलं: चालू ठेवा. दुसरं: काम मध्येच थांबवता येत नाही. तिसरं: जबाबदारी आमची आहे. चौथं: आता दुसरा मार्ग नाही. चौथ्यानंतरही माणूस उठला तर जाऊ द्यायचा.

सुरुवातीचा नियम चांगला होता. प्रयोग संपला की साहेब दार उघडायचे, बाइंडर हसत बाहेर यायचा, हात मिळवायचा, "माझे कान ठणठणीत आहेत" म्हणायचा, आणि घामाघूम झालेला माणूस एकदाचा श्वास सोडायचा. पण आठवा माणूस आला तोच डोळा मिचकावत. "पलीकडे सगळं नाटक असतं ना?" आधी येऊन गेलेला पाचवा माणूस त्याचा मेहुणा निघाला. गाव केवढं, तोंडं किती! मॅडमचे दोन महिने पाण्यात गेले. त्यांनी जुन्या नोंदी रद्द केल्या, नव्या साठ माणसांची यादी केली आणि नियम बदलला: खरं काय ते शेवटी, सगळ्यांना एकदमच पत्राने कळवायचं. तोवर कोणी विचारलंच तर सांगायचं, 'ते ठीक आहेत, तुम्हाला कळवलं जाईल.'

"बरं, मॅडम," साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी बायको विचारायची, "आज कितव्या आकड्यावर थांबले लोक?"

"एक अठरावर उठला. दोघं वीसपर्यंत गेले. एक तर शाळामास्तर होता गं."

"आणि तुम्ही असतात तर?"

"मी?" साहेब मिशीवरून हात फिरवायचे. "मी पाचालाच उठलो असतो."

बायको भाजी निवडत राहायची.

एकोणिसावं माणूस म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या बुटांना कालच खडू लावल्यासारखा. सव्वीस वर्षं नोकरी. त्या दहापर्यंत नीट गेल्या. बाराला बाइंडर ओरडला तसा त्यांनी हात मागे घेतला.

"चालू ठेवा," साहेब म्हणाले.

पुढे चौदाला त्या पुन्हा थांबल्या. "काम मध्येच थांबवता येत नाही." सोळाला फळीवर गुद्दे बसले तशा त्या उभ्याच राहिल्या. "अहो, त्यांच्या कानाचा पडदा फाटेल. मी नर्स आहे, मला कळतं."

"जबाबदारी आमची आहे," साहेब म्हणाले. शब्द पाठच होते, आवाज देवाने दिलेला होता.

सिस्टर बसल्या. सतरा, अठरा. पलीकडे शांतता. एकोणीस. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. वीस झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरला. मग म्हणाल्या, "मला त्यांना बघू द्या."

"ते ठीक आहेत. तुम्हाला कळवलं जाईल."

किल्ली साहेबांच्या खिशात होती, उजव्या.

पुढच्या गुरुवारी सिस्टर विभागाच्या दारात उभ्या. हातात कानात घालायच्या थेंबांची बाटली. "त्या गृहस्थांना द्याल? नाहीतर पत्ता तरी द्या, मी स्वतः जाईन." साहेबांनी बाटली घेतली नाही. घेतली तर ते नाटकात नाटक झालं असतं, आणि न घेणं म्हणजे काय झालं हेही त्यांना कळेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी ते पाठ केलेलं वाक्यच म्हणाले. सिस्टर बाटली घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी स्टुलावर बसल्या. वॉर्डात गोळी हातात घेतली की हात थांबतो, म्हणाल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, तरी जाऊन पुन्हा विचारते, मग परत एकदा विचारते. काल डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. "त्यांचं बरोबरच आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण मी आता कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू? माझ्या स्वतःच्या हातावर तर नाहीच ठेवू शकत."

सिस्टर गेल्याबरोबर साहेब मॅडमच्या खोलीत शिरले, आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता. सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेबलावर आणखी एक कागद होता, साहेबांना नोकरीत कायम करण्याचा. नऊ वर्षं रखडलेला, त्यावर मॅडमची सही व्हायची होती.

"वाईट वाटतं मलाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण अजून तीसेक माणसं राहिलीत. महिनाभराचा प्रश्न आहे. एकीला सांगितलं की गावभर होईल. असं मध्येच थांबवता येत नाही. जबाबदारी माझी. तुम्ही फक्त चालू ठेवा."

साहेब ऐकत होते. दुसरं, तिसरं, पहिलं. क्रम चुकला होता, पण वाक्यं त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. हे त्यांच्या ध्यानात आलं, अगदी लख्ख आलं. आणि तरीही ते काय म्हणाले?

"बरं, मॅडम."

माणसाला कळतं तरी वळत नाही ते असं. त्यांना कोणी बांधून ठेवलं नव्हतं. कागदाची आशा होती, हे खरं, पण कागद नसता तरी मान हललीच असती, चाळीस वर्षांची सवय होती तिला.

तिसऱ्या गुरुवारी सिस्टर उभ्यानेच बोलल्या. "मी राजीनामा दिलाय. शनिवारी शेवटचा दिवस. जो हात तेव्हा थांबला नाही तो रोग्याजवळ नको. फक्त तो माणूस ऐकू शकतो की नाही, एवढं जाण्याआधी मला कळलं असतं तर बरं झालं असतं."

साहेबांनी घसा खाकरला. "तुम्हाला," ते म्हणाले, "कळवलं जाईल." बाई जिना उतरून जाईपर्यंत ते तिथेच उभे होते. त्या दिवशी घरी बायकोने विचारलं, किती आकडे झाले, तर त्यांनी डोकं दुखतंय सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायकोने ताप बघितला. ताप नव्हता.

शुक्रवारी आला एक म्हातारा चांभार. अडतिसावा. खोक्याचं लाकूड त्याने आधी हाताने चाचपून बघितलं. "सांधे चांगले बसवलेत," म्हणाला. बारापर्यंत आला, पलीकडून ओरडणं ऐकलं आणि बटणावरून हात काढला.

"मला नाही जमायचं."

"चालू ठेवा."

"अहो, तो माणूस ओरडतोय की."

साहेबांनी दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. म्हातारा त्यांच्याकडे कुतूहलाने बघत होता, जसा एखाद्याचा बूट बघावा. मग साहेबांनी चौथं म्हटलं, "आता दुसरा मार्ग नाही."

"नाही कसा?" म्हातारा मागे वळला. "हे दार आहे ना. मी काय खिडकीतून आलो का?"

तो उठला. पण दाराकडे जायच्या आधी फळ्यांच्या आडोशापाशी गेला आणि बोटाने टकटक केली. "ओ भाऊ, उठा, चला माझ्याबरोबर. कशाला सोसताय?" हे मॅडमच्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आजवर इतकी माणसं आली, रडली, घामेजली, हात चोळत बसली, पण आडोशापाशी जाऊन हाक कोणी मारली नव्हती. पलीकडे बाइंडरच्या तोंडात शेंगदाणे होते, त्याला ना ओरडता येईना ना उत्तर देता येईना. म्हातारा जरा थांबला, मग साहेबांना म्हणाला, "त्यांना सोडा हो लवकर. आणि तुमच्या उजव्या बुटाची शिवण उसवलीय. सवडीने या." आणि गेला.

शनिवारी सकाळी साहेबांनी ग्रंथालयातून बाइंडरला डिंकाच्या हातांसकट उठवलं.

"कुठे?"

"दवाखान्यात."

बाइंडरला लगेच समजलं. "अहो, तुमचा कायमचा कागद? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पंधरा-वीस दिवसांनी पत्र जाणारच आहे."

"ती बाई आज जाणार आहे," साहेब म्हणाले. "चल, सायकलवर बस मागे."

वॉर्डात सिस्टर कपाट आवरत होत्या. स्वतःचा पेला, टाचण्यांची डबी, जुना स्वेटर अशा चार वस्तू पिशवीत भरून झाल्या होत्या. साहेब समोर उभे राहिले, आणि ज्या आवाजापुढे गाव उठून उभं राहायचं तो आवाज बाहेरच पडेना. शेवटी बाइंडरच म्हणाला, "सिस्टर, भिंतीपलीकडे होतो तो मी."

सिस्टरनी त्याला स्टुलावर बसवलं, टॉर्च काढला आणि दोन्ही कान तपासले. डावा दोनदा. "पडदे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "डाव्यात मळ साचलाय." मग पिशवीत हात घालून तीच बाटली काढली. "तीन-तीन थेंब, आठवडाभर." बाइंडरने मुकाट्याने घेतली.

मग साहेबांनी सगळं सांगितलं. खोका रिकामा होता, ओरडणं खोटं होतं, कोणालाच काही झालं नाही. सांगताना त्यांना वाटलं होतं की बाईंचा चेहरा आता उजळेल. तो उजळला नाही.

"म्हणजे यांचं दुखणं खोटं," सिस्टर म्हणाल्या. "पण मी बटण फिरवलं ते खोटं नाही. मला तर वाटत होतं की याचा कान जातोय, आणि तरी मी फिरवत होते. ते तुम्ही आता कसं परत घेणार?"

साहेबांनी बाइंडरच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"मी तीन वेळा आले. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किल्ली कुठे होती?"

"खिशात."

"मग उघडलं का नाहीत दार?"

"मॅडमनी सांगितलं होतं."

"मलाही कोणीतरी सांगितलंच होतं की," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीच. जबाबदारी आमची आहे, म्हणाला होतात. तीन गुरुवार कुठे होती ती?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, वॉर्डातले रोगी माना उंचावून बघायला लागले. सिस्टरनी त्यांना बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. विचारलं, "बाकीच्यांचं काय?"

"पत्र जाणार आहे."

"पत्र कशाला? चालू ठेवा म्हणताना समोर होतात ना? मग हेही समोर बसूनच सांगा." मग साहेबांची नजर पिशवीकडे गेलेली बघून म्हणाल्या, "राजीनाम्याचं माझं मी बघेन. ते तरी कोणाच्या सांगण्यावरून नको."

दुपारी साहेब मॅडमच्या खोलीत गेले. "मी सांगून आलो," म्हणाले. मॅडम खूप रागावल्या. विश्वासघात, बेजबाबदारपणा, वर्षभराची मेहनत. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. साहेब खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी सिस्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, किल्लीसकट. मॅडमनी खणातून यादी काढली. "पत्रं मी पाठवणारच होते," त्या म्हणाल्या, आपल्याशीच बोलल्यासारखं.

"पत्रं नको, मॅडम," साहेब म्हणाले. "मी जातो." विभागात आल्यापासून 'नको' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. मॅडमनी मान वर करून पाहिलं आणि यादी त्यांच्यापुढे सरकवली. उरलेल्या बावीस माणसांना त्यांनी बोलावलंच नाही. पुढे अहवाल लिहिला तो अडतीस माणसांचाच, आणि त्यांना किती दिवस अंधारात ठेवलं तेही त्यात लिहिलं. कायम करण्याच्या कागदावर मात्र त्यांनी सही केली नाही. ती दोन वर्षांनी नव्या प्रमुखांनी केली.

पुढचे कितीतरी रविवार साहेब आणि बाइंडर दारोदार हिंडत होते. बाइंडर पुढे, कारण पुरावा तोच. तरी लोक भलतेच निघाले. वीसपर्यंत गेलेले बरेच जण म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं, नाटक आहे म्हणून." साहेबांनी त्यांना घामाघूम झालेलं पाहिलं होतं, तरी ते पुढच्या घराकडे वळायचे. शाळामास्तरांनी दार अर्धंच उघडलं, ऐकून घेतलं, आणि पुन्हा या घरी येऊ नका म्हणून लावून घेतलं. एका शिंप्याने बाइंडरला कडकडून मिठी मारली आणि सोडेचना. चांभाराने हसून विचारलं, "मग तेव्हा उत्तर का नाही दिलंत?" आणि साहेबांचा बूट काढायला लावून तिथल्या तिथे शिवून दिला. त्या शनिवारनंतर सोमवारी सिस्टर पुन्हा कामावर हजर होत्या, हे त्यांना तिथेच कळलं. चांभाराची सून त्याच वॉर्डात कामाला होती. ती म्हणाली, डॉक्टरांना दोनदा विचारणं सिस्टरनी सोडलेलं नाही, फक्त आता विचारताना त्या मान खाली घालत नाहीत.

अशाच एका रविवारी सकाळी साहेब बूट घालत बसले होते. बायको समोर भाजी निवडत होती. तिने हल्ली तो प्रश्न विचारणं सोडलं होतं.

"मी म्हणायचो ना," साहेब नाडी बांधता बांधता म्हणाले, "की मी असतो तर पाचाला उठलो असतो?"

"म्हणायचात."

"वीस," साहेब म्हणाले. "मी वीसपर्यंत गेलो. आणि त्या लोकांच्या आणि बाइंडरच्या मध्ये निदान फळ्या तरी होत्या गं. ती बाई माझ्या समोर उभी होती."

बायकोचा हात थांबला. मग उठली, न सांगता चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि विचारलं, "आज किती घरं आहेत?"

"तीन," साहेब म्हणाले.